कधीच न पाडलेले नाणे

धाकट्याने बनवलेला ट्रे मेजावर आला आणि या घरात बऱ्याच दिवसांनी सगळ्यांचे एका गोष्टीवर एकमत झाले. ट्रे सुरेख होता. धाकट्याचा फर्निचरचा कारखाना. गिऱ्हाइकाचे कपाट महिनोन्महिने रखडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण हे काम त्याने जीव ओतून केले होते. गडद लाकूड, आत हिरवी मखमल, मखमलीत ओळीने गोल खाचे आणि प्रत्येक खाच्याखाली पितळी पट्टीवर साल. आत्याने कडेवरून बोट फिरवून कुठे लाकडाची कूस बोटाला लागते का ते पाहिले. लागली नाही, म्हणून ती थोडी हिरमुसली. नावे ठेवायला काही मिळाले नाही की तिला दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या दिवशी नाणेसंग्राहक मंडळाचे परीक्षक येणार होते. त्यांनी होकार दिला की संच सार्वजनिक ग्रंथालयाच्या दालनात काचेखाली कायमचा राहणार, आणि त्याच्याखाली आजोबांचे आणि वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, नाव. विमा कचेरीतली नोकरी सांभाळून दादाने यासाठी वर्षभर खेटे घातले होते. अप्पांना कळतंय तोवर हे झालं पाहिजे, असे तो येता-जाता म्हणायचा. अप्पांना किती कळत होते हा प्रश्नच होता. पुढच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्ची टाकून ते बसलेले असत. एखाद्या दिवशी ते आपल्या मुलीला, मधलीला, नावाने हाक मारत, एखाद्या दिवशी तिला त्यांनी खोदलेला शिक्का न्यायला आलेले गिऱ्हाईक समजून 'उद्या या' म्हणत. एक प्रश्न मात्र ते कधीच विसरत नसत. बाहेरून कोणीही घरात आले की ते मान वर करून विचारत, "आलं का?" काय आले हे कोणालाच ठाऊक नव्हते. आलं, अप्पा, आलं, असे म्हणून जो तो पुढे जाई.

संच आजोबांनी सुरू केला. ते बस कंडक्टर होते. सबंध शहराची चिल्लर त्यांच्या चामडी पिशवीतून वाहायची. त्यातले सगळ्यांत लहान तांब्याचे नाणे त्यांनी धरले. एका बाजूला होडी, होडीखाली साल. दर सालचे एक, असा संच करायचा. नियम एकच, नाणे हातावरून हातात फिरत आपणहून घरी आले पाहिजे. नाण्यांच्या व्यापाऱ्याची पायरीसुद्धा चढायची नाही. विकत आणलेले नाणे म्हणजे भाड्याने आणलेला नातेवाईक, असे ते म्हणायचे. अप्पांनी तो नियम आजोबांपेक्षाही कडक पाळला. घरात मूल जन्मले की त्या सालच्या खाच्यावर त्याचा हक्क. हा दादाचा, हा धाकट्याचा. पुढे टाकसाळीने ते नाणे पाडणे बंद केले. तोवर संच पुरा भरला होता. रिकामा राहिला तो फक्त मधलीचा खाचा.

त्या रिकाम्या खाच्यावरून तिची लहानपणी यथेच्छ थट्टा झाली. तुला पुलाखालून उचलून आणली, हे सगळ्याच घरांत सांगतात. या घरात त्याला पुरावा होता. शाळेतून येताना ती दुकानदारांच्या गल्ल्यात डोकावायची, घरी येऊन ट्रेपाशी उभी राहायची, आणि अप्पा शिक्क्याच्या खोदकामावरून मान न उचलता म्हणायचे, सापडेल गं, सापडेल. पुढे तिने शोधणे सोडून दिले. शिकली, चष्म्याचे दुकान काढले, लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढता काढता चाळिशी उलटली. आई गेल्यावर अप्पांजवळ राहायला कोणी नव्हते, तेव्हा तीच आली. हे सगळे झाले तरी जुन्या ट्रेकडे पाहिले की तिची नजर आधी त्या भोकावर जायची.

आज जुन्या ट्रेतली नाणी नव्यात लावण्याचे काम तिच्याकडे होते. एकेक नाणे कडेला धरून उचलायचे, मऊ कापडावर टेकवायचे, नव्या खाच्यात ठेवायचे. दादाचे साल झाले, पुढची दोन झाली, आणि मग तिचा हात अधांतरी थांबला. तिच्या आधीच्या सालचा खाचा होता, नंतरच्या सालचा होता. मधे नुसती मखमल होती.

तिला वाटले, धाकट्याचा मोजण्यात घोटाळा झाला. तसे घोटाळे तो करतो. तिने त्याला बोलावून दाखवले, तर तो गडबडून दादाकडे बघायला लागला. मापं दादाने दिली होती, असे तो म्हणाला. दादा ग्लासभर पाणी प्यायला, त्याने ग्लास जागेवर ठेवला, आणि कचेरीत एखाद्याचा दावा फेटाळताना वापरत असेल तसल्या आवाजात सांगितले.

"त्या साली टाकसाळीने हे नाणं पाडलंच नाही. तांब्याचा तुटवडा होता म्हणे. मंडळाच्या चिटणिसांनीही तेच सांगितलं. जे नाणं जगात नाही त्याच्यासाठी खाचा कशाला?"

मधलीला आधी काही समजेना. ज्या गोष्टीची तिने सगळे बालपण वाट पाहिली, ती गोष्टच नव्हती? मग अप्पा 'सापडेल' का म्हणत राहिले? त्यांना माहीत नव्हते म्हणावे, तर नाणी त्यांच्याइतकी कोणाला माहीत होती? आणि माहीत होते म्हणावे, तर आपल्या पोरीला दुकानादुकानांतून फिरू द्यावे, इतका कठोर हा माणूस नव्हता. शिवाय दादाने विचारायचेही कष्ट घेतले नव्हते. तिला वगळून मापे दिली आणि मोकळा झाला. एवढ्या मोठ्या बाईने एका भोकासाठी डोळ्यांत पाणी आणावे हे तिचे तिलाच पटत नव्हते, पण वाईट वाटले ते वाटलेच.

"कोण म्हणतं पाडलं नाही?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे आहे की."

आत्याचे बोलणे अर्धे सोडून द्यायचे, ही या घरातली सगळ्यांची सवय. पण तिने पर्समधून चष्म्याची जुनी डबी काढली, डबीतून कापसाचा बोळा, आणि बोळ्यातून नाणे. तांबे काळवंडले होते. होडी होती, होडीखाली साल होते, आणि साल मधलीचे होते. धाकट्याने वाचले, वहिनीने वाचले, दादाने न वाचताच तोंड फिरवले.

कुठे मिळाले, कधी मिळाले, आणि इतकी वर्षे सांगितले का नाही, असे तिघांनी एकदमच विचारले. आत्याने आपल्या सोयीने मधल्या प्रश्नापासून सुरुवात केली. आजोबांच्या घराच्या वाटणीवरून तिचे आणि अप्पांचे बोलणे बंद होते त्या काळातली गोष्ट. दोघे एकाच गल्लीत राहून एकमेकांच्या दारावरून मान वळवून जायचे. बेकरीत पाव घेताना सुट्ट्या पैशांत हे नाणे आले. तिने लगेच ओळखले. ठरवले, त्याने येऊन मागावे, मग द्यायचे. त्याने मागितलेच नाही. तिच्याकडे नाणे आहे हे त्याला कळणार कसे, असे धाकट्याने विचारल्यावर ती म्हणाली, भावाला कळायला पाहिजे. पुढे बोलणे सुरू झाले तेव्हा इतके दिवस दडवले हे सांगायची लाज वाटली, आणि लाजेलाही मग इतकी वर्षे होऊन गेली.

धाकट्याची कळी खुलली. नाणे आहे म्हणजे खाचा हवा, आणि खाचा पाडायला तो समर्थ होता. तो ड्रिल आणायला निघालाच. दादाने त्याचा दंड धरला. जे नाणे पाडलेच नाही ते आत्याच्या डबीत कुठून येईल, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता; आणि आत्या त्याच्यासमोर ते नाणे नाचवत विचारत होती की मग हे काय बटण आहे? चिटणीस खरा की डोळ्यांसमोरचे नाणे खरे, हे मधलीला ठरवता येईना. दादाचा आवाज चढला होता तोही तिला विचित्र वाटला. नाणे सापडल्याचा आनंद नको, निदान आश्चर्य तरी? दादा घाबरल्यासारखा दिसत होता.

वहिनी या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती. बोलण्याचे काम या घरात इतके लोक करतात की तिने ते कधी अंगावर घेतलेच नाही. ती उठून आत गेली आणि शिवणकामाचा डबा घेऊन आली. डब्याच्या तळाशी बटणांची पिशवी होती. ती तिने मेजावर उपडी केली, बोटाने बटणे बाजूला सारली आणि एक नाणे पुढे ढकलले. होडी तीच आणि साल तेच.

"सासूबाईंनी दिलं होतं," ती म्हणाली. "सांभाळून ठेव म्हणाल्या. कशासाठी ते नाही सांगितलं."

घटकेपूर्वी जे नाणे जगात एकही नव्हते, त्याची आता जोडी झाली होती. धाकट्याने दोन्ही तळहातावर घेऊन पारखली, हलवली, उजेडाशी नेली आणि परत ठेवली. मग आत्या विचारू लागली, माझे कुठले. ते काही कोणाला सांगता येईना. आत्या म्हणाली माझे जास्त काळे. वहिनी म्हणाली दोन्ही सारखीच काळी आहेत. धाकट्यावर ठपका आला आणि त्याने तो सवयीने घेतला.

या गलक्यात पुढच्या खोलीतल्या खिडकीकडून आवाज आला, "आलं का?"

"आलं, अप्पा," दादा मागे न बघता म्हणाला.

मधलीने पर्समधून भिंग काढले. दुकानात काचेवरचे ओरखडे पाहायला ती ते वापरते. पहिले नाणे तिने दिव्याखाली धरले. सालाचा शेवटचा आकडा, तिचा तीन, नीट होता. पण जरा जास्तच नीट होता. शेजारचे आकडे झिजून गोलसर झालेले आणि या तीनाची डावी टोके धारदार. त्याच्या डाव्या अंगाची जमीन, म्हणजे आकड्याभोवतीचा सपाट भाग, बाकीच्या नाण्यापेक्षा केसभर जास्त गुळगुळीत. तिथे पूर्वी काहीतरी होते आणि कोणीतरी ते कापून, घासून, सपाट केले होते. हा मुळात तीन नव्हताच. आठ होता. इंग्रजी आकड्यांत आठाची डावी बाजू काढून टाकली की तीन उरतो.

आणि जिथे हत्यार उचलले गेले तिथे बारीकशी खूण होती, डावीकडे वळलेली. तिने दुसरे नाणे घेतले. त्यावरही तीच खूण.

ही खूण ती लहानपणापासून ओळखत होती. अप्पा शिक्के खोदायचे. कचेऱ्यांचे, वकिलांचे, दवाखान्यांचे शिक्के, दारावरच्या पितळी पाट्या. खोदून झाले की ब्रशने कचरा झाडायचे काम तिच्याकडे असे. प्रत्येक अक्षराच्या शेवटी अप्पांचे मनगट किंचित वळायचे आणि तिथे असा एक चिमुकला ओरखडा उठायचा. गिऱ्हाइकाला तो कधी दिसला नाही. ती बोट लावून दाखवायची तेव्हा अप्पा हसून म्हणायचे, ती माझी शेपटी.

अप्पा? ज्या माणसाने विकत आणलेले नाणे घरात येऊ दिले नाही, त्याने खोटे नाणे केले?

सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. काय सांगावे ते तिला कळेना, म्हणून तिने जेवढे दिसले त्यातले निम्मे सांगितले. दोन्ही खोटी आहेत, आठाचा तीन केलाय. आत्या बेकरीवाल्यावर उखडली. मेल्याने आपल्याला फसवले, आणि तेही इतक्या वर्षांपूर्वी, म्हणजे भांडायचीही सोय ठेवली नाही. धाकट्याला भलताच हिशेब सुचला.

"आठ म्हणजे माझं साल ना? म्हणजे ताईचं नाणं करायला माझी कापली?"

"पुरे करा," दादा म्हणाला. त्याने जाऊन अप्पांच्या बाजूचा दरवाजा लोटून घेतला. मग पाकीट काढले, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात बोटे घातली आणि तिसरे नाणे मेजावर ठेवले.

वहिनी नवऱ्याकडे अशी पाहत राहिली की हे पाकीट रोज उचलून ठेवणारी आपण, आणि आपल्याला पत्ता नसावा.

दादाची हकीगत त्याच्यासारखीच आखडलेली होती. कॉलेजात असताना सायकलवाल्याकडून सुट्ट्या पैशांत हे नाणे आले. त्याला इतका आनंद झाला की तो सायकल तिथेच विसरून निघाला होता. मधलीच्या वाढदिवसाला द्यायचे, छानशा डबीत घालून. डबी घ्यायला तो नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला, घरचा नियम मोडून. व्यापाऱ्याने नाणे पाहिले, भिंग लावले, आणि तिथेच सांगितले की हे साल पाडलेलेच नाही, हे कुणा खोदकाम करणाऱ्याचे काम आहे, आणि असल्या कामाला तुरुंग असतो. वर विचारले, तुझे वडील शिक्के खोदतात ना?

"मी पळत घरी आलो," दादा म्हणाला. "त्या दिवसापासून हे पाकिटात आहे. सरकारी शिक्के खोदणारा माणूस, आणि नाण्यात फेरफार. कोणाला कळलं असतं तर अप्पांचं सगळं गेलं असतं. उद्या परीक्षक येणार. खाचा दिसला की विचारणार, इथे काय होतं? अप्पा काय बोलून जातील त्याचा नेम नाही. म्हणून मापातूनच काढला. तुला वगळायचं नव्हतं गं. त्यांना झाकायचं होतं."

मधलीने त्याच्याकडे पाहिले. या माणसाशी तिचे कधी फारसे जमले नाही. एवढीशी गोष्ट तो इतकी वर्षे खिशात घेऊन हिंडत होता, आणि ती त्याला कोरडा समजत होती. तिला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही याचेच नवल वाटत राहिले.

पण गुंता सुटला नव्हता, वाढला होता. आता आत्यालाही उमगले की हे तिच्या भावाचे काम आहे, आणि ती पहिली भांबावली. खोटे नाणे करायचे ते फायद्यासाठी. बेकरीत त्याचा एक पाव यायचा, खऱ्याचाही एकच आला असता. मग फायदा कसला? आणि मुलीसाठीच केले, तर सरळ खाच्यात ठेवायचे. तीन तीन करून बाजारात का सोडायची? धाकटा म्हणाला चुकून खर्च झाली असतील. शिक्क्यातला एक टिंब चुकला तर सबंध शिक्का पुन्हा खोदणारा माणूस तीनदा चुकेल, हे त्याचे त्यालाच पटले नाही.

वहिनी नाणी बोटाने सरळ रेषेत लावत होती. ती हळूच म्हणाली, "सासूबाई अजून एक बोलल्या होत्या. मला तेव्हा अर्थच लागला नाही. म्हणाल्या, भाजीवालीकडून हातात पडलं. त्यांना आलं म्हणून सांगू नकोस. खोटं नाणं माझ्या लेकीला नको. त्यांनी तिला खरं काय ते सांगावं."

आलं म्हणून सांगू नकोस.

मधलीला एकदम खाली बसावेसे वाटले आणि ती बसली. नियम एकच होता. नाणे हातावरून हातात फिरत आपणहून घरी यायला हवे. टाकसाळीने पाडले नाही म्हणून अप्पांनी स्वतः केले. पण आपणच करून आपणच खाच्यात ठेवायचे, हे त्यांच्याने होईना. मग त्यांनी ते बाजारात सोडले. बेकरीत, सायकलवाल्याकडे, भाजीवालीकडे, जिथे घरचे लोक रोज जातात तिथे. एक आले नाही म्हणून दुसरे केले, दुसरे आले नाही म्हणून तिसरे. आणि खिडकीत बसून वाट पाहू लागले. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, आलं का?

आले होते. तिन्ही आली होती. एक बहिणीने रागापोटी ठेवले, एक बायकोने सचोटीपायी, एक मुलाने भीतीने. या घराइतका विचित्र कारभार तिने कुठे पाहिला नव्हता. तिला हसू आले. आपला खाचा कोणी भरला नाही, असे तिने आयुष्यभर मानले. तो भरायला एक सरळमार्गी माणूस लबाडी करून बसला होता, आणि लबाडीसुद्धा त्याला नियमात बसवून हवी होती.

तिने हे मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितले. आत्याने पदर डोळ्यांना लावला. मग लगेच भांडण सुरू झाले, कारण रडून झाल्यावर या घरात दुसरे काही सुचत नाही. आता आत्या दादाच्या बाजूला गेली होती: भावाचे नाव जायला नको, तिन्ही नाणी नदीत टाका. वहिनी, जी कधी बाजू घेत नाही, ती धाकट्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांनी आलेले नाणे परत हाकलायचे का, असे तिने नवऱ्याला विचारले. धाकट्याची अडचण निराळीच होती. ओळीत आता जागाच नव्हती. पाडला तर खाचा ओळीबाहेर पडेल, कडेच्या लाकडात.

मधलीने तिन्हींतले एक नाणे उचलले. कोणाचे होते ते आता कोणालाच सांगता आले नसते. दरवाजा ढकलून ती अप्पांकडे गेली.

त्यांनी मान वर केली. "आलं का?"

"आलं," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. असे उत्तर त्यांना रोज मिळायचे, पण त्यानंतर कोणी थांबत नसे. तिने त्यांच्या तळहातावर नाणे ठेवले. त्यांनी अंगठ्याने आधी होडी चाचपली, मग साल. अंगठा शेवटच्या आकड्यावर थांबला. त्यांनी दुसरा हात पुढे केला. तिला क्षणभर कळले नाही, मग तिने त्यात भिंग दिले. अलीकडे चहाची बशी धरताना त्यांचा हात थरथरायचा. भिंग धरताना थरथरला नाही.

"कुठून आलं?"

"बेकरीतून. सुट्ट्या पैशांत."

बराच वेळ ते पाहत होते. दारात दादा येऊन उभा होता, आणि त्याच्या मागे बाकीचे.

"खोटं आहे," अप्पा म्हणाले. "आठाचा तीन केलाय. हे साल पाडलंच नव्हतं."

आता आठवेल, आता ओळखतील, असे मधलीला वाटत होते आणि भीतीही वाटत होती. अप्पांनी नाणे उजेडाकडे तिरपे केले.

"पण हात चांगला आहे. बघा, जमीन कशी घासली आहे. विकणारा माणूस इतकं घासत बसत नाही. हे कोणीतरी आपल्या माणसासाठी केलंय." त्यांनी मूठ मिटली. "टाकू नका हे."

"नाही टाकत."

"आमच्या मधलीला द्यायचं आहे. तिला खोटं आहे म्हणून सांगावं लागेल. मी सांगेन. तिचा खाचा रिकामा आहे ना, रोज येऊन बघते ट्रेमध्ये. बोलत काही नाही." ते दाराकडे बघू लागले. मग त्यांना समोर उभ्या असलेल्या बाईची आठवण झाली, आणि गिऱ्हाइकाला द्यावी तशी त्यांनी हाताने खुर्ची दाखवली. "तुम्ही बसा ना. शाळा सुटली असेल. येईलच ती एवढ्यात."

दारातून दादा मागे वळला. मेजापाशी जाऊन त्याने ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि धाकट्याला हळू आवाजात म्हणाला, कडेलाच पाड. परीक्षकाला सांगू, हे संचातलं नाही, हे घरातलं आहे. मग ड्रिलचा आवाज सुरू झाला. अप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. मूठ मांडीवर ठेवून ते दाराकडे बघत होते.

मधलीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि त्यांच्याबरोबर स्वतःची वाट बघत बसली.